कारचा टेप घरात: करंट कुठून आणायचा, खोकं केवढं करायचं

गाडी विकताना टेप, अ‍ॅम्प्लिफायर आणि मागचे अंडाकृती स्पीकर काढून घेतले जातात, कारण घेणारा त्यांचे वेगळे पैसे देत नाही. मग ते माळ्यावर धूळ खात पडतात. हाच माल घरात उत्तम वाजतो. पण गाडीत त्याला दोन गोष्टी फुकट मिळत होत्या: बारा व्होल्टवर हवा तेवढा करंट आणि चारी बाजूंनी बंद असलेली छोटी जागा. घरात या दोन्ही विकत आणाव्या लागतात. घरी जोडलेला टेप फुसका वाजत असेल, तर यातलं काहीतरी कमी पडलेलं असतं. त्यामुळे नवा, मोठ्या वॉटचा माल घेण्याआधी पैसे पॉवर सप्लाय आणि प्लायवूडवर घालावेत.

आधी माल तपासा

भंगारातून टेप आणला असेल तर मागचं लेबल वाचा. धुळे-जळगाव-भुसावळ हा ट्रकचा रस्ता, आणि ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते. ट्रकमधून निघालेला २४ व्होल्टचा टेप १२ व्होल्टवर चालणार नाही. गाडीचा किंवा ट्रॅक्टरचा टेप १२ व्होल्टचा असतो.

स्पीकरच्या दोन टोकांना मीटर लावा. चार ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळाली. दोन्ही अंगठ्यांनी कागद हळूच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासते आहे, तो स्पीकर बाजूला ठेवा. कडेला फोम असेल तर नखाने टोकरून बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाडीच्या मागच्या काचेखाली भाजून निघालेला फोम भुग्यासारखा सुटतो. रबराची कड बहुधा टिकलेली असते. प्लस-मायनसची खूण पुसली असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. कागद बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे लागला ते टोक प्लस.

आता वॉटचं. टेपवर ‘५० वॉट × ४’ छापलेलं असतं आणि ‘दोनशे वॉटचा आहे भो’ असं विकणाराही सांगतो. गणित वेगळं आहे. १४.४ व्होल्टच्या सप्लायवर चार ओहमच्या स्पीकरला आतली आयसी (आवाज मोठा करणारी चिप) खरे १८ ते २२ वॉटच देऊ शकते. छापलेला आकडा क्षणिक कमालीचा असतो. घरातल्या खोलीसाठी चॅनेलमागे, म्हणजे प्रत्येक स्पीकरमागे, २० वॉट भरपूर होतात, त्यामुळे नुसता टेप आणि चार स्पीकर एवढ्यावर काम भागत असेल तर वेगळ्या अ‍ॅम्पच्या भानगडीत पडू नका.

करंटची सोय

सर्वांत जास्त फसगत इथे होते. राउटरचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर लावला की डिस्प्ले पेटतो, ब्लूटूथ जोडलं जातं, गाणंही सुरू होतं. आवाज वाढवला की पहिल्याच जोरदार ठेक्याला टेप बंद पडून पुन्हा सुरू होतो. टेप खराब नसतो, ठेक्याच्या वेळी लागणारा करंट अडॅप्टर देऊ शकत नाही. मध्यम आवाजात टेप २ ते ४ अँपिअर घेतो, ठेक्याला त्याहून बराच जास्त.

नुसत्या टेपसाठी १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या वीजेतून बारा व्होल्ट डीसी देणारा पॉवर सप्लाय, घ्या. सीसीटीव्ही आणि एलईडी पट्ट्यांचं सामान विकणाऱ्यांकडे जाळीदार पत्र्याच्या डब्यातला मिळतो. टेपसोबत चार चॅनेलचा अ‍ॅम्प किंवा सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) असेल तर १२ व्होल्ट ३० अँपिअरचा, म्हणजे ३६० वॉटचा. चार चॅनेल × ५० खरे वॉट देणारा जुन्या पद्धतीचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात वीजेची निम्मीच शक्ती स्पीकरला देतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे २०० वॉटसाठी साधारण ३० अँपिअर. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, म्हणून ३० चा सप्लाय पुरतो.

डब्यातला सप्लाय वीजेला लावण्याआधी बाजूच्या भोकातून आत बघा. मोठ्या सप्लायमध्ये बहुधा ११० आणि २२० असा सरकता खटका असतो. तो ११० वर राहिला आणि तुम्ही २३० दिले, तर पहिल्याच सेकंदाला फटाका वाजतो आणि सप्लाय कचऱ्यात जातो. पेचकसाने तो २२० वर करून मगच पुढे जा.

टर्मिनलच्या पट्टीवर एल, एन, अर्थची खूण, मग मायनस आणि प्लस असे स्क्रू असतात. तीन पिनांच्या प्लगची फेज एलला, न्यूट्रल एनला, हिरवी तार अर्थला. अर्थ सोडू नका. या सप्लायच्या आतले छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट तरंगतात. करंट अगदी थोडा असतो, पण टेपच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतंच असतं, मागे तार नसते. मीटरने बघा: फेज-अर्थमध्ये जवळपास २३० यायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम एक-दोन. तसं नसेल तर आधी वायरमनकडून अर्थिंग करून घ्या.

आता काहीही न जोडता सप्लाय चालू करा, प्लस-मायनसला मीटर लावा आणि व्होल्टेजचा छोटा स्क्रू हळूहळू फिरवून १३.५ वर आणा. गाडी चालू असताना टेपला साधारण १४ व्होल्ट मिळत असतात, त्यामुळे हे त्याच्या सवयीचं आहे. बारावरून साडेतेरावर नेल्याने थोडी जादा ताकद मिळते, पण ती कानाला जेमतेम कळते.

कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस असेल तर तोही चालतो. मोठ्या कनेक्टरची हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला जोडली की तो सुरू होतो. पिवळ्या तारा १२ व्होल्टच्या, काळ्या मायनसच्या. एका पिवळ्या तारेवर सगळा भार टाकू नका, चार-पाच पिवळ्या एकत्र पिळा आणि तितक्याच काळ्या. जुन्या प्रकारात पाच व्होल्टच्या बाजूला काहीच भार नसला की बारा व्होल्ट डगमगतात. लाल आणि काळ्या तारेत १० ओहम १० वॉटचा रेझिस्टर लावला की ते स्थिरावतात. तो गरम होतो, म्हणून प्लास्टिकपासून लांब ठेवा.

बॅटरी चार्ज करण्याचा साधा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर मात्र थेट लावू नये. त्याचा डीसी गाळलेला नसतो, स्पीकरमध्ये जाड घरघर येते. आणि एक फॅरडचा चकचकीत कॅपॅसिटर कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. सप्लाय सुरू होताना त्याला तो शॉर्टसारखा दिसतो, आणि सप्लाय टकटक करत चालू-बंद होत राहतो.

उन्हाळ्याचा हिशोब वेगळा धरा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. असे सप्लाय साधारण ५० अंशांपर्यंतच पूर्ण ताकद देतात, आणि बंद शोकेसमध्ये ५० सहज ओलांडले जातात. चारी बाजूंनी दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा आणि अ‍ॅम्पच्या उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पंख्या उभ्या येतील असा तो भिंतीवर लावा, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. जिनिंगच्या आसपास घर असेल तर कापसाचा बारीक तूस पंख्याच्या जाळीवर जमतो. हंगाम संपला की ब्रशने काढा, प्लग काढूनच.

वायरी जोडणं

टेपच्या मागचे रंग बहुतेक कंपन्यांत सारखे असतात: पिवळी कायमची बारा व्होल्ट, लाल चावीची, काळी मायनस. पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असलेली तार त्या स्पीकरची मायनस. निळी-पांढरी रेघेची तार बाहेरच्या अ‍ॅम्पला चालू करते. नारिंगी दिव्याची, ती सोडून द्या. गाडीची मूळ कंपनी फिटिंगची टेप असेल तर रंग वेगळे असू शकतात, म्हणून लेबल बघितल्याशिवाय वीज देऊ नका.

एक गैरसमज इथे महागात पडतो. पिवळी तार नुसत्या ‘मेमरी’ची आहे असं समजून लोक तिला छोटा अडॅप्टर देतात आणि लालला मोठा सप्लाय. खरं उलटं आहे. आवाजाचा सगळा करंट पिवळीतून जातो, लाल फक्त ‘चालू हो’ एवढाच निरोप देते. म्हणून पिवळी थेट सप्लायच्या प्लसला, फ्यूज घालून. लाल त्याच प्लसला, पण मध्ये एक साधं बटण. बटण बंद केलं तरी सप्लाय चालू ठेवलात तर स्टेशनं आणि वेळ लक्षात राहते. भिंतीचं बटणच बंद केलं तर रोज घड्याळ लावावं लागेल.

स्पीकरची मायनस तार म्हणजे जमीन नव्हे. टेपमधली आयसी स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सुमारे सहा-सात व्होल्ट ठेवते आणि दोन्ही टोकं उलटसुलट हलवते. वायर वाचवायला डाव्या-उजव्याच्या मायनस एकत्र केल्या किंवा सप्लायच्या मायनसला जोडल्या तर आयसी जळते. प्रत्येक स्पीकरला स्वतःच्या दोन तारा. याच कारणाने टेपच्या स्पीकर तारांवर हेडफोन किंवा घरच्या अ‍ॅम्पची इनपुट पिन थेट लावायची नाही.

वायरचं माप: टेपला २.५ चौरस मिलिमीटर, अ‍ॅम्पला ६ चौरस मिलिमीटर, लांबी शक्यतो एक मीटरच्या आत. २.५ च्या वायरमध्ये एक मीटर जाऊन-येऊन १० अँपिअरला ०.१६ व्होल्ट पडतात, ते चालतं. तीच वायर पाच मीटर नेली तर पाऊण व्होल्टच्या वर जातो आणि ठेका ढिला पडतो. सप्लाय लांब ठेवण्यापेक्षा स्पीकरची वायर लांब करा. तिथे दीड चौरस मिलिमीटरची वायर पाच मीटरपर्यंत मजेत चालते.

पट्टीचे फ्यूज रंगावर ओळखा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. टेपला १० किंवा १५, अ‍ॅम्पला त्याच्या अंगावर लिहिलेला. फ्यूज सप्लायच्या टोकाला बसवा, टेपच्या टोकाला नाही, कारण शॉर्ट मधल्या वायरमध्ये होतो.

टेप न वापरता नुसता अ‍ॅम्प मोबाइलला जोडायचा असेल, तर अ‍ॅम्पच्या ‘रिमोट’ स्क्रूला प्लसमधून बटणामार्गे बारा व्होल्ट द्या. ते दिले नाहीत तर अ‍ॅम्प मेल्यासारखा पडून राहतो आणि लोक तो दुरुस्तीला नेतात.

लोडशेडिंग आणि इन्व्हर्टरची बॅटरी

घरात १५० अँपिअर-अवरची बॅटरी आहेच, मग टेप तिच्यावरच का नको? हिशोब मोहात पाडणारा आहे: सरासरी ३ अँपिअर धरले तर पाच तासांत १५ अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा. तरी दोन अटी पाळा. इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या असतील तर त्यातल्या एकीवरून बारा व्होल्ट काढू नका. एक जास्त रिकामी होते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. आणि फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर असलाच पाहिजे. चार्ज होताना पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तारा जोडताना इन्व्हर्टर बंद ठेवा, खोलीची खिडकी उघडा.

वेगळी जुनी कार बॅटरी सप्लायला समांतर ठेवायची असेल तर सप्लाय १३.६ च्या आसपास ठेवा, आणि चैत्र-वैशाखात १३.३ वर आणा. बॅटरी जितकी तापते तितका तिला कमी व्होल्टेज लागतो, नाहीतर पाणी उडून जातं. सप्लाय आणि बॅटरीच्या मध्ये जाड शॉटकी डायोड टाका, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरी सप्लायमध्ये उलटी रिकामी होणार नाही. डायोडमध्ये थोडा व्होल्टेज पडतो, म्हणून मोजमाप बॅटरीच्या टोकांवर करा. पूर्ण बसलेली बॅटरी जोडू नका, आधी चार्जरवर भरून आणा.

खोकं

मोकळा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज येतो. कागदाच्या पुढची हवा आणि मागची हवा एकमेकांना खाऊन टाकतात, आणि खर्ज आधी जातो. गाडीत दरवाजा किंवा डिकी मागची हवा अडवते. घरात ते काम खोक्याचं.

साडेसहा इंची गोल स्पीकरला १० ते १५ लिटर, सहा-बाय-नऊ अंडाकृतीला २० ते ३० लिटर बंद खोकं. गाडीचे स्पीकर मोठ्या डिकीसाठी बनवलेले असतात, त्यामुळे खोकं लहान केलं तर मधला आवाज फुगतो आणि गाणारा नाकात गातो असं वाटतं. सहा-बाय-नऊसाठी १८ मिलिमीटर एमडीएफचं माप असं: पुढची-मागची फळी २७.६ × ४३.६ सेंटिमीटर, बाजूच्या दोन २४ × ४३.६, वर-खालच्या दोन २४ × २४. आत २४ × २४ × ४० म्हणजे २३ लिटर. भोक मात्र स्पीकर मोजूनच पाडा, सहा-बाय-नऊ म्हटले तरी कंपनीगणिक भोकात काही मिलिमीटरचा फरक असतो.

बारा इंची सबवूफरला ३० लिटर. पुढची-मागची ३७.६ × ३७.६, बाजूच्या २८ × ३७.६, वर-खालच्या ३४ × २८. आत ३२ लिटर होतात, चुंबकाचे दोन वजा. सब आणि दोन अंडाकृतींची खोकी मिळून आठ-बाय-चारच्या एकाच फळीत बसतात. सुताराला मापं कागदावर लिहून द्या.

फेविकॉल आणि ४० मिलिमीटरचे स्क्रू, दर दहा-बारा सेंटिमीटरवर. आधी बारीक ड्रिल मारा, नाहीतर एमडीएफची कड उकलते. आतले कोपरे फेविकॉल आणि भुशाच्या लगद्याने बुजवा. सगळं एक दिवस वाळू द्या. सिलिकॉन लावलं असेल तर त्याचा आंबट वास जाईपर्यंत स्पीकर बसवू नका. बसवल्यावर कागद हळूच आत दाबून क्षणभर धरा आणि सोडा. सावकाश परत आला तर खोकं हवाबंद आहे, लगेच उसळला तर कुठेतरी गळतंय.

आत भरायला उशीतला फायबर घ्या, २३ लिटरच्या खोक्याला २०० ते ३०० ग्रॅम. खानदेशात पिंजलेला कापूस हाताशी असतो आणि आवाज शोषण्याचं काम तोही करतो, पण पावसाळ्यात दमट होऊन बसतो आणि त्यात कीड होते. कापूस गादीतच राहू द्या.

साडेसहा इंचीसाठी माठही चालतो, आणि ही गंमत नाही. गोल पोटामुळे आत समोरासमोरच्या सपाट, समांतर भिंती नसतात. पाणी ओतून लिटर मोजा, पूर्ण सुकवा, तोंडावर १२ मिलिमीटर प्लायची रिंग एम-सीलने चिकटवा आणि स्पीकर त्या रिंगवर कसा, मातीवर नाही.

घरच्या सामानाशी जुळवणं

कारचे स्पीकर घरच्या अ‍ॅम्पला लावायचे असतील तर त्याच्या मागे किमान किती ओहम लिहिलंय ते बघा. ६ किंवा ८ लिहिलं असेल आणि स्पीकर चारचे, तर दोन सारखे स्पीकर एकामागे एक जोडून आठ करा. उलट बाजूने, आठ ओहमचे घरगुती स्पीकर कारच्या अ‍ॅम्पला बिनधास्त लावा. ताकद निम्मी मिळते, आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. दोन कॉइलच्या ४+४ सबवूफरच्या कॉइली समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, एकामागे एक जोडल्या तर ८. घरच्या अ‍ॅम्पवर कायम ८.

गाडीत छाती हलवणारा सब घरात मवाळ का वाटतो, याचं कारण अ‍ॅम्प नाही. अडीच मीटरच्या बंद गाडीत साधारण ७० हर्ट्‌झच्या खाली काचा-पत्रा खर्जाला आपोआप उचलतात. साडेचार मीटरच्या खोलीत तो आधार ३८ हर्ट्‌झच्या खाली सुरू होतो, आणि दार उघडं असलं की तोही जातो. सब कोपऱ्यात ठेवा, भिंतींचा आधार मिळतो. गेन, म्हणजे आत आलेला आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू, पिळून हा फरक भरून निघत नाही, कॉइल जळते.

गेन मीटरने लावा. स्पीकर काढा, मोबाइलवर ५० हर्ट्‌झची टोन तीन चतुर्थांश आवाजात लावा, अ‍ॅम्पच्या बाहेर एसी व्होल्ट मोजा. ५० वॉट, ४ ओहमला १४.१ व्होल्ट आले की थांबा. हाय-पास (खालचे स्वर अडवणारी गाळणी) चालू असेल तर ही टोन अडते, म्हणून तो मोजेपर्यंत बंद ठेवा. नंतर लहान स्पीकरला ८० हर्ट्‌झचा हाय-पास आणि सबला ८० चा लो-पास (वरचे स्वर अडवणारी गाळणी). कारचे ट्वीटर (बारीक, उंच स्वरांचे छोटे स्पीकर) बाजूने ऐकण्यासाठी तिखट बनवलेले असतात, घरात तोंड थेट तुमच्याकडे करू नका, थोडं वळवा. फरशी आणि कोऱ्या भिंतींच्या खोलीत समोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा.

आवाजातली घाण

मोबाइलसाठी लावलेलं ब्लूटूथ बोर्ड त्याच बारा व्होल्टवर चालवलं की किणकिण ऐकू येते. त्याला वेगळा मोबाइल चार्जर द्या, किंवा आरसीएच्या (आवाजाच्या गोल पिनांच्या केबलच्या) वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे जमिनीच्या तारेतून येणारी घाण अडवणारी डबी, टाका. टीव्ही जोडल्यावरच घरघर येत असेल तर डिशची केबल काढून बघा, बहुधा तिथूनच येते. आरसीए पिना चालू असताना काढू-घालू नका. काही टेपमध्ये त्या पिनेच्या बाहेरच्या कडीची केसाएवढी वाट जळते आणि मग शिट्टी कायमची राहते.

रेडिओसाठी अँटेनाच्या भोकात ७५ सेंटिमीटर तार पुरते, एफएमला तेवढीच लांबी लागते. मीडियम वेव्ह मात्र एसएमपीएसच्या भणभणाटात बुडून जातं. ते ऐकायचं असेल तर टेप बॅटरीवर घ्या आणि सप्लाय बंद ठेवा.

पहिल्या दिवशी तासभर वाजवल्यावर सप्लाय बंद करून प्रत्येक जोडाला हात लावा. वायर कोमट आणि फ्यूजची बैठक चटका देणारी असेल, तर फ्यूज लहान नाही, त्याची पकड सैल आहे. वायर काढून, टोक नीट पिळून, थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून पुन्हा बसवा.